बिऱ्हाड टेकवायचे कुठे?

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. सौ.च्या माहेरून लग्नात आलेली. तिच्या झाकणावर तेलरंगाने गावांची नावे घातली आहेत. पहिले पाटण. त्यावर काट मारून खाली मेढा. मेढ्यावर काट मारून कोरेगाव. असे करता करता आठ नावे झाली आणि आता झाकणावर बोटभरही जागा राहिली नाही. दर बदलीला, सामान टेम्पोत चढवायच्या आदल्या रात्री मी ब्रश घेऊन बसायचो आणि सौ. बॅटरी धरून उभी राहायची. हा आमच्या घरातला एक कुळाचारच होऊन बसला होता.

वाचकहो, मी पंचायत समितीतला शेतीचा विस्तार अधिकारी. राहुरीच्या विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री झालो आणि १९९३ साली सातारा जिल्ह्यात नोकरीला लागलो. तुमच्यापैकी कुणाच्या फवारणी पंपाच्या नाहीतर बायोगॅसच्या कागदावर माझी सहीदेखील असेल. येत्या ३१ मे रोजी मला अठ्ठावन्न पूर्ण होऊन मी सेवानिवृत्त होणार. त्यानंतर बदलीचा हुकूम यायचा नाही. म्हणजे पुढचे गाव कुठले, ते आमचे आम्हीच ठरवायचे. इतकी वर्षे दुसऱ्याने ठरवून दिलेल्या गावात राहिलेल्या माणसाला हे किती अवघड जाते, ते मला गेल्या दोन वर्षांत कळले. तुमच्यापैकी ज्यांचा मुलगा पलटणीत, पोलिसात, एस.टी.त किंवा शाळेवर आहे, त्यांच्याही घरी हा प्रश्न आज ना उद्या येणारच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सातारा जिल्हा एकच, पण त्यात मुलूख किती! महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथून सरळ रेघेत शंभर किलोमीटरच्या आत दहिवडीला ५०० च्या आतबाहेर. पाटणला आम्ही बिऱ्हाड केले तेव्हा तिसऱ्याच रात्री फडताळातली भांडी खुळखुळली. सौ. घाबरून अंगणात धावली. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिलेल्या घरमालकीणबाई आतूनच म्हणाल्या, “झोपा वो, ह्यो नेहमीचा हाय.” मेढ्याला पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळायचे नाहीत. शेगडीवर डालगे पालथे घालून त्यावर ते पसरायचे, आणि माझ्या सदऱ्याच्या धुराच्या वासावरून कचेरीत मी आल्याचे कळायचे. कोरेगावला आले आणि घेवडा, फलटणला ऊस आणि कालवा. जिथे गेलो तिथले पाणी प्यालो, तिथली भाजी खाल्ली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे आमचे पेटीवर.

सौ.ची तक्रार मात्र एकच. बांधावर आंबा लावा म्हणून मी शेतकऱ्यांना गावोगाव सांगत हिंडलो, पण आमच्या दारात आंबा कधी लागला नाही. कलमाला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात आणि आमची बदली तीन-चार वर्षांनी. “लावायचा मी, आणि खायचा पुढच्या साहेबाच्या पोरांनी,” असे म्हणून तिने जन्मभर डब्यातली तुळस आणि डब्यातला कढीपत्ता एवढेच सांभाळले. डबा टेम्पोत बसतो.

तुम्ही म्हणाल, अहो, यात विचार कसला करायचा? आपल्या गावी जा की! मीही तेच म्हणत होतो. माझे गाव खटाव तालुक्यात. वडिलार्जित साडेचार एकर, एक विहीर आणि तीन खणांचे घर. वडील गेल्यापासून सगळे धाकटा भाऊ बघतो. मी कधी वाटा मागितला नाही. सुगीला शाळूचे एक पोते येई, त्यावर आम्ही खूश होतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गेलो असता जेवताना मी भावाला म्हणालो, “निवृत्तीनंतर विहिरीजवळ दोन खोल्या टाकाव्यात म्हणतो.”

तो लगेच म्हणाला, “टाका की दादा. तुमचंच हाय.”

मनापासून म्हणाला. पण भाकरी वाढणारा भावजयीचा हात मध्येच थबकला. क्षणभरच. मग तिने भाकरी वाढली आणि चुलीकडे गेली.

तिच्या पोटात काही कपट होते असे नव्हे. तिला दोन मुलगे, दोघांची लग्ने व्हायची आहेत. साडेचार एकरांत आता मोठे दीर येऊन बसणार आणि उद्या त्यांचा मुलगा वाटणी मागणार, हा हिशेब कुठल्याही बाईच्या मनात येईल. त्या विहिरीवर वीस वर्षे रात्रीची दारी धरली ती तिने आणि तिच्या नवऱ्याने. मी धरली नव्हती. परत येताना एस.टी.त सौ. म्हणाली, “तिथं घर बांधलं तर घर मिळेल, पण भाऊ जाईल.” मी खिडकीबाहेर बघत राहिलो. सातबाऱ्यावर माझे नाव आहे तसे आहे. हक्कसोड करून द्यावी की नाही, यावर आमच्यात अजून एकमत नाही, आणि ते आज इथे सांगण्यासारखेही नाही. पण घर तिथे बांधायचे नाही, एवढे त्या एस.टी.त ठरले.

गावी परतण्याची आणखी एक बाजू मी पाहिली होती. आमच्या भागातून, विशेषतः शेजारच्या खानापूर-आटपाडीकडून, पुष्कळ माणसे गलाईच्या धंद्याला देशभर गेली. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा हा धंदा. केरळात, तमिळनाडूत, उत्तर प्रदेशात, कुठल्याही मोठ्या सराफकट्ट्यावर जा, विट्याकडचा माणूस भेटायचाच. मिसरूड फुटायच्या आत गेलेला पोरगा साठीला परत येतो. तोवर गावात त्याचा फरशीचा बंगला बांधून कुलूप लावून तयार असतो. माझ्या बरोबरीचे एक गृहस्थ असेच कायमचे आले. जत्रेला ते दरसाल येत, देवळाला देणगी देत. कायमचे आल्यावर पहिल्याच आठवड्यात पारावरच्या पोरांनी त्यांना विचारले, “पाहुणं, कुणाकडं आलाय?” त्यांनी वडिलांचे नाव सांगितले. पोरांना तेही ठाऊक नव्हते. आता ते वर्षातले आठ महिने पुन्हा तमिळनाडूत मुलाच्या दुकानावर बसलेले असतात.

मुलगी पुण्याला असते. ती म्हणाली, आमच्याकडे या. तिच्याकडे सातव्या मजल्यावर आम्ही पंधरा दिवस राहून आलो. लेकीचे घर लेकीचेच. असो.

याच सुमारास माझा भाचा अमेरिकेतून आला होता. तो टेक्सासला इंजिनिअर आहे. त्याने सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. तिकडे पुष्कळ नवरा-बायको नोकरी संपली की राहते घर विकून टाकतात आणि मोटारघर घेतात. त्याला तिकडे आर.व्ही. म्हणतात. त्यातली मोठी गाडी आपल्या एस.टी.एवढी, आत पलंग, गॅसची शेगडी, मोरी, पाण्याची टाकी, सगळे. थंडीत दक्षिणेला जायचे, उन्हाळ्यात उत्तरेला. आपले धनगर मेंढरे घेऊन पावसाच्या हिशेबाने हलतात, तसाच प्रकार. ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझसाइट म्हणून एक लहानसे गाव आहे. तिथे हिवाळ्यात अशा गाड्यांची जत्रा भरते आणि उन्हाळ्यात गाव पुन्हा ओस पडते.

पण हिंडायचे तरी किती? गुडघे दुखू लागतात, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात, आणि मग त्यांनाही आमच्यासारखाच प्रश्न पडतो. भाच्याच्या शेजारी असेच एक जोडपे येऊन राहिले आहे. नऊ वर्षे त्यांनी गाडीत काढली. भाच्याने विचारले, इतका देश पाहिलात, मग हेच लहान गाव का धरले? त्यावर बाई म्हणाली, जिथे जिथे राहावेसे वाटले, तिथे आम्ही वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात पुन्हा जाऊन राहून आलो. टेक्सासला तो महिना ऑगस्टचा, आपल्या मे महिन्यासारखा तापणारा. तेव्हाही ज्या गावाने आमची विचारपूस केली, ते हे गाव.

मला हे फार पटले. आपली जुनी माणसे तरी दुसरे काय सांगत? जमीन घ्यायची तर विहीर मे महिन्यात बघा आणि निचरा श्रावणात बघा. दिवाळीला काय, सगळीच राने हिरवी.

पटले खरे, पण वागलो मात्र उलटे. आमच्या आठ गावांपैकी एका गावात माझा फार मानपान झाला होता. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा नव्हता. तिथे मी असताना सेस फंडातून फवारणी पंप, ताडपत्र्या, कडबाकुट्ट्या भरपूर वाटल्या गेल्या. चहाच्या हॉटेलात माझ्याकडून कधी पैसे घेतले नाहीत. निरोप समारंभाला शाल-श्रीफळे इतकी आली की नारळाच्या बर्फ्या करता करता सौ.चे हात दुखले. एकाने तर भाषणात सांगितले, साहेब, निवृत्तीनंतर इथेच या, आम्ही तुम्हाला जाऊ देणार नाही. हे वाक्य मी किती वर्षे उराशी धरून होतो!

तेव्हा गेल्या वर्षी जानेवारीत रजा काढून, एस.टी.ने, आम्ही दोघे तिथे जागा बघायला गेलो. हॉटेलात शिरलो. मालक तोच, गल्ल्यावरच बसलेला. माझ्याकडे बघून म्हणाला, “काय देऊ?” मी ओळख सांगितली. तो “हां, हां” म्हणाला आणि चहाचे पैसे मोजून घेतले. घेतले ते योग्यच केले, पण मला लागले. बाजारात भाषण करणारे गृहस्थ भेटले. त्यांनी ओळखले, हात हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, “आता कुठल्या टेबलाला आहात?” मी म्हटले, अजून वर्षभराने निवृत्त होतो आहे. त्यांना तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला. जागा दाखवणाऱ्याने गुंठ्याचा भाव सांगितला तो ऐकून आम्ही स्टँडवर परत आलो.

सौ. भेळेचा पुडा सोडता सोडता हसायला लागली. म्हणाली, “तुम्ही खुर्ची आणायला विसरलात.”

त्या हॉटेलवाल्याच्या मुलाचे नाव काय, त्याला किती मुले, हे मला तरी कुठे आठवत होते? मी त्यांच्याकडे पंप घेऊन गेलो होतो आणि ते माझ्याकडे पंप बघत होते. व्यवहार चोख झाला होता. त्याला आपुलकी समजलो ही चूक माझी.

आणि चूक तरी कुणी करावी? माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यावा, हे हजारो शेतकऱ्यांना मी शिकवले आहे. रानात नागमोडी चालायचे, आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासायची. सगळी एकत्र कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा कालवायची, असे करत अर्धा किलो राहील तेवढी पिशवीत भरायची. आणि बजावून सांगायचे की बांधाजवळची, झाडाखालची, जनावरे बसतात तिथली, उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही. घेतली तर अहवाल झकास येईल, पण तो तुमच्या रानाचा नसेल. आणि मी काय केले होते? सत्काराच्या मांडवातली माती पिशवीत भरून घरी आणली होती.

मग आम्ही दोघे एका रात्री आठ गावे आठवत बसलो. या खेपेला सौ.ला पहिल्यांदा विचारले. माझ्या आठवणी बैठकांच्या, प्रात्यक्षिकांच्या, मेळाव्यांच्या. तिच्या आठवणी निराळ्याच निघाल्या. कुठल्या गावात गिरणीवाला दळण बाजूला ठेवून बायकांना ताटकळत ठेवायचा, कुठे शेजारणीने संक्रांतीला बोलावले आणि कुठे तीन वर्षांत नाही, कुठल्या डॉक्टरने रात्री दार उघडले. त्याच गावांत राहून आमच्या दोघांचे नकाशे वेगळे होते. वाई आम्हा दोघांनाही आवडते. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, विश्वकोशाची कचेरी, हळदीची राने, सगळे मनासारखे. सध्या नोकरीही तिथेच आहे. पण मुंबई-पुण्याच्या मंडळींनी जागांचे भाव असे चढवले आहेत की विस्तार अधिकाऱ्याच्या फंडाने तिथे नुसते कुंपण होईल.

सौ. म्हणाली, “दहिवडी.”

मी चमकलोच. दहिवडी म्हणजे माण तालुका, दुष्काळाचे माहेर. सातारा-पंढरपूर रस्त्यावरचे गाव. जवळच गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांची समाधी, वर शिखर शिंगणापूर. मी तिथे २०११ ते २०१४ होतो. माझ्या मनात त्या गावाचे चित्र म्हणजे २०१२-१३ चा दुष्काळ, चारा छावण्या, धूळ आणि मरणाचे काम. सकाळी सहाला निघालो की रात्री दहाला घरी. त्या गावात मला कुणी शाल दिली नाही. कुणाला सवडच नव्हती.

तेव्हा तिने मला एक गोष्ट सांगितली. बारा वर्षे ती माझ्याजवळ बोलली नव्हती. त्या उन्हाळ्यात तिला ताप भरला होता. मी छावण्यांच्या पाहणीला दोन दिवस बाहेर, मुले शाळकरी. आळीत टँकर आला आणि तिला उठवेना. मुलगी घागर घेऊन गेली, ती गर्दीतून रिकामीच परत आली. थोड्या वेळाने समोरच्या खोपटातली एक बाई दोन घागरी आणून उंबऱ्यात ठेवून गेली. तिच्या घरी सात माणसे आणि दोन शेरडे, आणि तिच्या वाट्याच्या घागरी पाच. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी सौ.ने विचारले, “आक्का, तुम्हाला काय उरलं?” तर म्हणाली, “उरलं न्हाई, म्हून काय तापकऱ्याला द्यायचं न्हाई व्हय? मास्तर कुटं गेल्यात?”

मास्तर! आमच्याशी वर्षभर समोरासमोर राहून त्या बाईला मी शाळामास्तर वाटत होतो. पंप नाही, ताडपत्री नाही, सही नाही. मास्तरकडून तिला मिळण्यासारखे काहीच नव्हते.

“मला हे तेव्हाच का सांगितलं नाहीस?” मी विचारले.

“तुम्ही तेव्हा जनावरं मोजत होतात,” ती म्हणाली.

तर ठरले. पण या खेपेला वाईट महिना चुकवायचा नाही. गेल्या मे महिन्यात मी पूर्ण महिन्याची अर्जित रजा टाकली आणि दहिवडीत एक खोली भाड्याने घेतली. पंचायत समितीकडे फिरकायचे नाही, ओळख सांगायची नाही, जीपमध्ये बसायचे नाही, असे तीन नेम केले.

पहिले आठ दिवस कुणी आमच्याशी बोलले नाही. खरे तेच सांगतो. माणदेशी माणूस तोंडदेखले गोड बोलत नाही. दुपारी अंगणात पाय ठेवला तर चपलेतून चटका बसायचा. २०१८ साली वॉटर कपात याच तालुक्यातल्या टाकेवाडीने राज्यात पहिला नंबर काढला, उरमोडीचे पाणीही माणमध्ये पोचले, पण मे तो मेच. नळाला पाणी यायची वेळ ठरलेली नव्हती. पाचव्या दिवशी सौ. म्हणाली, “आपण परत फसलो की काय?” आक्कांचे खोपट होते तिथे आता पत्र्याची दोन खोल्यांची इमारत झाली होती आणि दाराला कुलूप होते.

मी रोज सकाळी एका चहाच्या टपरीवर बसायचो. तिथे डाळिंबवाल्यांच्या गप्पा चालायच्या. एक म्हातारेबाबा सांगत होते, बागेत तेल्या आला, फळांवर काळे डाग पडलेत, औषध मारून मारून थकलो. मला राहवले नाही. मी म्हटले, “बाबा, डाग एकाच अंगाला आहेत का? मावळतीच्या?”

बाबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. “तुमी कोण?”

“शेतीतलं थोडं शिकलोय.”

“शिकल्यालं लई येत्यात,” असे म्हणून त्यांनी तोंड फिरवले. टपरीवरची माणसे हसली. बत्तीस वर्षांत असे कुणी मला तोंडावर बोलले नव्हते. घरी येऊन मी सौ.ला सांगितले, तर तीही हसली.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याआधी येऊन बसले होते. त्यांनी कोपरीच्या खिशातून कागदात गुंडाळलेले लिंबाएवढे डाळिंब काढले आणि न बोलता माझ्यापुढे ठेवले. डाग एकाच बाजूला, सुका, तपकिरी. कडेला तेलकटपणा नाही, फळ कुठे उकललेले नाही. मी सांगितले, बाबा, हा तेल्या नाही. तेल्याचा डाग तेलकट दिसतो, पुढे त्या डागावर फळ तडकते, आणि पानालाही ठिपके पडतात. हे ऊन लागलेय. औषध बंद करा, पैसे वाया जातायत. मावळतीकडच्या फळांना कागद नाहीतर जुने कापड बांधा. आणि छाटणीची कात्री मात्र एका झाडाची दुसऱ्याला लावण्याआधी निर्जंतुक करत जा, नाहीतर कुठे खरा तेल्या असला तर तोच बागभर फिरेल.

बाबांनी डाळिंब परत कागदात गुंडाळले. “पानं बघतो आनि सांगतो,” एवढेच म्हणाले. माझ्या शब्दावर लगेच विश्वास ठेवला नाही, हे मला आवडले. तीन दिवसांनी त्यांचा नातू खोलीवर येऊन सांगून गेला, “आज्जानं बोलावलंय, बागंत.” तिथून निघताना त्यांच्या सूनबाईंनी सौ.ची ओटी भरली आणि आम्हाला विचारले, “ऱ्हायला कुटं हाय? पाण्याचं काय करताय?” पुढच्या दहा दिवसांत आम्हाला कुणी पाहुणे म्हणेनासे झाले. टपरीवाल्याने मात्र पैसे एकदाही सोडले नाहीत.

मे संपायला चार दिवस राहिले असताना आक्का आल्या. त्या मुंबईला मुलाकडे डोळ्यांच्या ऑपरेशनला गेल्या होत्या. काळा चष्मा लावून दाराशी बसलेल्या. सौ.ने नुसते “आक्का” म्हटले, तशी त्यांनी मान वर केली. चष्म्यातून काय दिसत होते कुणास ठाऊक. म्हणाल्या, “मास्तरीनबाई न्हवं? पोरगी कशी हाय गं तुजी, घागर घिऊन आल्याली?”

सौ. तिथेच खाली बसली. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो.

जागा मिळाली ती त्या आळीपासून हाकेच्या अंतरावर. दोन गुंठे. बिगरशेतीचा हुकूम मी स्वतः वाचला, सातबारा काढला, वकिलाकडून शोध घेतला आणि मगच बयाणा दिला. तुम्हीही कुणाच्या तोंडी शब्दावर गुंठा घेऊ नका. आता जोते भरून झाले आहे. भाऊ जोत्याच्या दिवशी ट्रॉलीभर दगड घेऊन आला होता. त्याच्या गावाहून एस.टी.ने तासाभराचाच रस्ता. भावजयही आली, चार दिवस राहिली, सौ.बरोबर गोंदवल्याला जाऊन प्रसाद घेऊन आली. जाताना म्हणाली, “जाऊबाई, शाळू मीच घिऊन यीन औंदा.” इतक्या वर्षांत ती आमच्याकडे राहायला अशी पहिल्यांदाच आली.

केशर आंब्याचा खड्डा सौ.ने मे महिन्यातच घ्यायला लावला होता. मीटरभर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. पंधरा दिवस उन्हात तापू दिला, शेणखत-माती भरली आणि जूनमधल्या पहिल्या चांगल्या पावसावर कलम लावले. घराआधी आंबा लागला. आम्ही वाईला असतो तेव्हा त्याला पाणी आक्कांचा नातू घालतो.

पेटीवर नाव घालायला जागा नाही म्हणून मी झाकण खरवडून घ्यायचे म्हणत होतो. सौ. म्हणाली, कशाला? दहिवडी तिथे आहेच, नुसती काट तेवढी पुसा. रॉकेल मिळेना म्हणून टर्पेंटाइन आणून ठेवले आहे.

मी मास्तर नाही, हे आक्कांना अजून सांगायचे राहिले आहे. परवा त्यांनी विचारले, “मास्तर, तुमची शाळा सुटती कंदी?” मी म्हटले, ३१ मेला.